उजनीतला माझ्याएवढा मासा

शाळेत मी एकदाच गेलतो, पत्रं बसवायला. त्यामुळं हे सगळं मी बोलतोय आन् बायको लिहून घेतीया. ती दहावीपर्यंत शिकलीया. मधनंमधनं पेन थांबवून विचारती, "हे बी लिहू?" मी म्हणतो, "लिही की, त्यात माझीच लाज हाय, तुझी न्हाय." ती म्हणती, "लग्नात काय लाजंची वेगळी वाटणी झालती का?"

माझा धंदा पाण्याखालचा हुता. आमचं गाव उजनीच्या फुगवट्याला. ऊस, केळी, सगळं धरणातनं उचललेल्या पाण्यावर. मोटर तराफ्यावर बसवलेली असती आन् तिचा पाइप खाली खोल सोडलेला. पाइपाच्या तोंडाला जाळी आन् झडप असती, तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणत्यात. त्या जाळीत शेवाळ, पिशव्या, तुटकी जाळी, कुणाचं तरी धोतर, काय वाट्टंल ते अडकतं. मग मोटर नुसती वरडत बसती आन् पाणी काय येत न्हाय. तवा मला बोलवायचे. काठावर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू करायचा, त्याची नळी दातात धरायची, कमरंला दगड बांधायचा आन् पाइपाला धरून खाली उतरायचं. त्या हवेला टायरचा वास. वर आलो की मला वाटायचं, आता कुणीतरी हातोडा मारून बघंल, हवा बरोबर बसली का न्हाय.

उजनीचं पाणी वरनं लई झ्याक दिसतं. थंडीत पुण्याकडचे लोक गळ्यात दुर्बिणी घालून पक्षी बघायला येत्यात. पण खाली दोन हात गेलं की अंधार. डोळं उघडं ठेवलं काय आन् झाकलं काय, सारखंच. मी झाकूनच जायचो, शेवाळ तरी जात न्हाय. तितं सगळं हातानं बघायचं. हा पाइप, ही जाळी, हे बाभळीचं खोड, हे माझंच गुडघं. एकदा तर मी फुटबॉल समजून अर्धा तास एक फुटका रांजण साफ केला आन् वर येऊन सांगितलं, झालं काम.

मधी दोन हंगाम मी कोकणात गेलतो. समुद्राकाठी एक स्कुबावाला हुता, त्याच्याकडं. काम काय, तर पाव्हण्याच्या मानंला पाण्याखाली धरायचं, त्याचा फोटो निघूस्तवर, आन् ते घाबरलं की वर आणायचं. मालक मला म्हणायचा, "तू कामाला चांगला आहेस, पण पाण्याखाली हसत जाऊ नकोस, नळी सुटते तोंडातली." पण हसू यायचंच. तितं पाण्याखाली मला माझं पाय दिसत हुतं. वीस वर्षं पाण्यात घालवली आन् स्वतःचं पाय पहिल्यांदा तितं बघितलं. लई काळं हुतं.

त्या पाणबुड्यांचा मोबाईलवर एक ग्रुप हुता. कोकणातले, गोव्याकडचे, काही अंदमानाला गेलेले. कुणाला पाण्यात काही मोठं, इचित्र दिसलं की त्यात टाकायचं. नियम ठरलेला: कुटं दिसलं, किती खोल, पाणी किती साफ, आन् फोटो. कुणी ठिपक्याठिपक्याची मुशी, म्हंजे शार्क, टाकायचा, एस.टी.एवढी, आन् तोंड असं उघडं की आख्खा कंडक्टर आत जाईल. कुणी पाकट टाकायचा, म्हंजे जाजमासारखा चपटा मासा, मागं चाबकाएवढी शेपूट. एकानं असा मासा टाकला की नुसतं डोस्कंच. मागचं धड कुणीतरी कापून न्हेलंय असं वाटत हुतं. मी म्हणलो, ह्याला मी वळखतो, हा आमचा सरपंच. तेवढंच माझं काम ग्रुपात, चेष्टा करायची. ती बी बोलून टाकायचो, लिहिता येत न्हाय म्हणून.

आई पडली म्हणून मी गावी परत आलो. आई गेल्यावर बी परत गेलो न्हाय. ग्रुप मात्र सोडला न्हाय. सकाळी चहासंगं मी देवमासा बघायचो आन् मग दगड बांधून धोतर काढायला जायचो. पोरं चेष्टा करायची, "काय सोलापूरकर, तुमच्या धरणात काय दिसलं? म्हैस?" मी म्हणायचो, "म्हैस वरनंच दिसती, तिच्यासाठी खाली कशाला जायचं." ग्रुपात एक बाई हुती, गोव्याकडं पाण्यात उतरायला शिकवायची. तिला सगळे ताई म्हणायचे. ती मला म्हणली, "दादा, तुम्ही काहीतरी टाका की कधी." मी म्हणलो, "ताई, आमच्यात हात नाकाला लागला की कळतं, हात हाय." सगळे हसले. पण मनातनं मला लई वाटायचं की आपल्याला बी एकदा कायतरी मोठं घावावं.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या शेजारी एक केळीवाला हुता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. दिवाळी झाल्यावर त्याच्या मोटरीनं पाणी वढायचं बंद केलं. सकाळी मला फोन केला, "दादा, फुटबॉल अडकलाय, या की." मी आंथरुणातच हुतो. म्हणलो, "आज माशांची सुट्टी हाय, उद्या येतो." तो म्हणला, "तुमचं नेहमीचंच हाय." आन् एकटाच तराफ्यावर गेला.

दुपारी तराफा घावला, मोटर घावली, काठावर चपला घावल्या. तो घावला न्हाय.

तीन दिवस शोधलं. मी सोता रोज पाच-सहा बुड्या मारल्या. सरकारी बोट आली, गळ टाकले, काही न्हाय. आमचा अनुभव असा की माणूस तिसऱ्या-चवथ्या दिवशी वर येतो. हा आला न्हाय. मग गावात दुसरं सुरू झालं. आदल्या दिवशी बांधावरनं त्याचं भावासंगं भांडण झालतं, आन् तो म्हणलाता, "बसा तुमी बांध चाटत, मी निघून जातो." दोरीवरचा एक शर्ट बी सापडत न्हवता. निम्मं गाव म्हणायला लागलं, बुडला. निम्मं म्हणायला लागलं, चपला काठावर ठिवून पळाला, आता कुटंतरी हैद्राबादला मजेत असंल.

ह्या दोन्ही निम्म्यांच्या मधी त्याची बायको. मी तिला वहिनी म्हणतो. तिनं कुंकू पुसलं न्हाय. पुसणार कसं? आन् लावलं तरी बायका बघायच्या. नळावर ती आली की बोलणं थांबायचं. सासू म्हणायची, थांब अजून. जाऊ म्हणायची, किती दिवस नटणार. माझी बायको मला सांगायची, "ती रोज सकाळी आरशाफुडं करंडा घेऊन बसती आन् बसूनच राहती." पुढं संक्रांत येत हुती. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं का न्हाय, ह्यावरनं बायकांच्यात दोन गट पडले. वहिनी एवढंच म्हणायची, "मला कुणीतरी सांगा. लावू का पुसू, तेवढं सांगा."

महिना भरत आलता. खालच्या अंगाला एका वस्तीवरच्या आण्णांचा पाइप अडकला म्हणून मी गेलो. आण्णा म्हंजे म्हातारं, मला लहानपणापासनं वळखतंय. तितं चार पुरुष खोल पाणी, म्हंजे एकावर एक चार माणसं उभी केली तरी बुडतील, आन् खाली बुडालेल्या बाभळी, त्यात मासेवाल्यांची जुनी जाळी अडकलेली. मी डोळं झाकून उतरलो. फुटबॉल हाताला लागला. त्याच्या बाजूची जाळी सोडवायला हात लांब केला आन् हाताला कायतरी लागलं.

मऊ. जाड. बुळबुळीत. माझ्या छातीएवढं रुंद. हात फुडं सरकवला तर ते लांबच लांब. त्यावर गोणपाटासारखं कायतरी, भिजून सुटलेलं. आन् मग माझ्या मनगटावरनं बारीक बारीक केसासारखं कायतरी हळू गेलं आन् परत आलं.

मी दगड सोडला, नळी सोडली आन् सरळ वर. वर कसा आलो मला ठाव न्हाय. कानात फटाकडी फुटल्यासारखं झालं. नाकातनं रगत, कानातनं रगत. आण्णा काठावर बिडी वढत बसलं हुतं.

"काय रं, काय झालं?"

आता बघा, त्या टायमाला माझ्या तोंडातनं काय यायला पायजे हुतं. मला कळलं हुतं का? मी आजबी सोताला विचारतो. थोडं कळलं हुतं. जेवढं कळलं तेवढं मी गिळलं. आण्णांच्या फुडं लुंगी सुटलेल्या अवस्थेत मी बसलो हुतो आन् मला त्याची लाज वाटत हुती. ज्या माणसाला गाव पाणबुड्या म्हणतं, तो बुजलेल्या बैलासारखा वर पळून आला.

मी म्हणलो, "मासा हुता, आण्णा."

"केवढा?"

"माझ्याएवढा."

आण्णा हसलं. "तुझ्याएवढा म्हंजे बिनडोक असणार."

"मिशा हुत्या त्याला," मी म्हणलो. "दोरीएवढ्या."

एकदा तोंडातनं मिशा निघाल्यावर मग काय. घरी येईस्तवर मासा दीड माणसाएवढा झाला. कानात कापूस घालून मी मोबाईल घेतला आन् ग्रुपात बोललो. कुटं, तर उजनी. किती खोल, तर चार पुरुष. पाणी किती साफ, तर ताकासारखं. फोटो न्हाय, पण हातानं बघितलाय. पाठ म्हशीसारखी, मिशा दोरीसारख्या, असा मांगूर मी जन्मात बघितला न्हाय.

ग्रुपात आग लागली. ज्यांनी माझ्या बोलण्याखाली कधी साधा अंगठा टाकला न्हाय ती माणसं विचारायला लागली. मालकानं सोता फोन केला, "अरे, तू तर सगळ्यांच्या वर गेलास." एकानं म्हशीचं आन् माशाचं चित्र जोडून टाकलं आन् खाली माझं थोबाड. मी दिवसभर ऐकत बसलो, एकाच कानानं. लई बरं वाटत हुतं. एवढं बरं मला लग्नात बी वाटलं न्हवतं. (हे बी लिही, मी म्हणलो. तिनं लिहिलं.)

फक्त ताईनं एक सवाल विचारला. "दादा, तो स्वतःहून हलला, का पाण्यानं हलत होता?"

मी ते तीनदा ऐकलं. मग म्हणलो, "लई हलला, ताई. मला ढकललंच."

ते खोटं हुतं. ते हललं न्हवतं.

माझं बोलणं ग्रुपातनं गावात आलं, कसं ते मोबाईललाच ठाव. पोरं काठावर यायला लागली. मासेवाल्यांनी दोन दिवस मोठं जाळं लावलं आन् त्यांना एक टायर घावला. चहावाल्यानं मला बघितलं की विचारायचं, "आज किती लांब झाला?" मी हाताचं माप दाखवायचो आन् चहा घ्यायचो.

चवथ्या दिवशी सकाळी वहिनी आली. दारातच बसली, आत ये म्हणलं तरी आली न्हाय. दिराच्या मोबाईलवर तिनं माझं बोलणं ऐकलं हुतं. माझी बायको चुलीपाशी उभी हुती, चहाचं आधण तसंच.

"दादा, मासा कुटं लागला?"

"खालच्या अंगाला. आण्णांच्या पाइपापाशी."

"तितं ह्यांना शोधलं हुतं का?"

"न्हाय. ते लांब हाय, वहिनी. तितं कशाला शोधतील."

ती जमिनीवर बोटानं रेघ वढत हुती. मग म्हणली, "हाताला कापड लागलं का?"

माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं.

एवढं सोपं विचारलं हुतं. व्हय म्हणायचं, का न्हाय म्हणायचं. व्हय म्हणलो असतो तर मला परत तितं उतरावं लागलं असतं, आन् कानातनं अजून पाणी गळत हुतं. आन् गावाला कळलं असतं की ह्यानं चार दिवस मेलेल्या माणसाच्या जिवावर चहा पिला. फोन आलता तवा गेला न्हाय, घावला तवा पळाला, आन् वर मिशा लावल्या.

मी म्हणलो, "न्हाय वहिनी. मासाच हुता. मासं मी वळखतो की."

ती उठली. पदर नीट केला. तिच्या तोंडावर कायतरी बदललं, ते मला बघवलं न्हाय. ती म्हणली, "मग बरं. म्हंजे हे हितं न्हाईत."

त्या दिवशी तिनं मोठं कुंकू लावलं. बायकोनं मला येऊन सांगितलं आन् ताट आपटलं. "खरं काय हाय?" मी सांगितलं. ती म्हणली, "तुमी माझ्याशी चेष्टा करत जा, जगाशी करू नका."

मी परत गेलो बघा. एकटाच, आण्णांना न सांगता. दोन हात खाली गेलो न्हाय तंवर डोस्कं असं फिरलं की वर कुटं आन् खाली कुटं कळंना. पाइपाला मिठी मारून वर आलो आन् काठावर वकलो. सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. तो म्हणला, पडदा फाटलाय, आता पाण्यात जायचं न्हाय, आंघूळ सुदीक कापूस घालून. मी म्हणलो, "डॉक्टर, आंघुळीचं मी तसंबी मनावर घेत न्हाय." तो हसला न्हाय. त्याच्या जागी मी असतो तर मी बी हसलो नसतो.

मग ताईला फोन केला. खरं सांगायला केला आन् सांगितलं भलतंच. "या, मासा दाखवतो." ती आन् मालकाकडचा एक जण गाडीत टाक्या घालून आले. एवढा मोठा कॅमेरा, त्याला दोन दिवे. रस्त्यात त्यांनी केळी घेतली हुती, मला बी दिली. आण्णांच्या काठावर पोचल्यावर ती अंगात रबराचा पोशाख चढवत हुती तवा मी बोललो.

"ताई, मासा न्हाय बहुतेक."

"मग काय आहे?"

मी सांगितलं. तिचा एक हात पोशाखात आन् एक बाहेर, तशीच उभी राहिली. तो दुसरा गडी म्हणला, "दादा, दहा-बारा दिवस झाले की." ताईनं त्याला गप केलं. मला म्हणली, "हलला नव्हता ना?"

"न्हाय."

"मला तेव्हाच वाटलं होतं. मी परत विचारायला हवं होतं." ती सोतालाच दोष देत हुती. मी तितं असून.

कॅमेरा त्यांनी गाडीतच ठिवला. दोघं दोरी धरून उतरले. मी काठावर बुडबुडे मोजत बसलो. तीनदा गेले. तिसऱ्यांदा वर आल्यावर ती म्हणली की दिव्याचा उजेड बी हातभर जात न्हाय, हातातलं घड्याळ डोळ्याला लावलं तरी दिसत न्हाय. बाभळी हाईत. जाळं हाय, पण ते एका बाजूनं फाटलंय, आन् आत काही न्हाय. मधल्या दिवसात कालव्याला पाणी सुटलं हुतं, त्यानं खालचं पाणी वढलं जातं. मासेवाल्यांनी बी तितंच जाळं वढलं हुतं, मोठा मासा धरायला. ते माझ्याच सांगण्यावरनं.

"त्याच दिवशी बोलला असतात तर," तो गडी म्हणला. ताईनं ह्या बारीला त्याला गप केलं न्हाय.

ठाण्यात जाऊन सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आन् परत एक दिवस बोट फिरवली. काही न्हाय.

मग वहिनीकडं गेलो. बायको संगं आली, मी रस्त्यातनं पळून जाईन म्हणून. वहिनी अंगणात शेंगा फोडत हुती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कापड लागलं हुतं, केस लागलं हुतं, हललं न्हवतं, मी खोटं बोललो. ती शेंगा फोडतच राहिली. मग म्हणली, "म्हंजे हेच हुते?"

"बहुतेक."

"बहुतेक कशाला? तुमी हात लावला न्हवं?"

"वहिनी, मी पळालो. बघितलं न्हाय."

"शप्पत घिऊन सांगा, माणूस हुता. मी आत्ता पुसते."

ती खरंच अंगठा कपाळाला लावून बसली. आन् मला शप्पत घेता यीना. मला खात्री असती तर घेतली असती. पण मी हाताला लागल्यापासनं त्या गोष्टीला एवढ्या मिशा लावल्या, एवढी लांबी वाढवली, की खाली नेमकं काय हुतं ते माझं मलाच ठाव न्हाय. मी आठवायला जातो तर मला मासाच आठवतो. म्हशीसारखी पाठ आठवती, जी मी सोता बनवली.

मी म्हणलो, "शप्पत न्हाय घेता येत."

तिनं अंगठा खाली घेतला. "तवा मासा म्हणला, आता माणूस म्हणताय, आता शप्पत न्हाय म्हणताय. दादा, तुमचं बोलणं म्हंजे करमणूक हाय. मी तुमच्या बोलण्यावर कुंकू पुसू?"

 

संक्रांतीला तिला बोलावणं आलं. माझी बायको तितं हुती. करंडा घिऊन फिरणारी बाई वहिनीफुडं थांबली, सासूकडं बघितलं, जावंकडं बघितलं. कुणी मान हलवंना. मग तिनं वाण दिलं आन् कुंकू न लावता फुडं गेली. वहिनीनं ते वाण घेतलं, एक प्लास्टिकचा डबा, आन् सगळ्या उठूस्तवर मांडीवर धरून बसली.

पाण्याचा धंदा गेल्यावर मेव्हण्यानं मला सोलापूरला आणलं. जुळे सोलापुरात एका बिल्डिंगीचा वॉचमन हाय मी. मोटर चालू करायची, टाकी भरली की बंद करायची. एका कानानं ऐकू येत न्हाय, त्यामुळं महिन्यातनं दोनदा टाकी वतू जाती आन् तिसऱ्या मजल्यावरचे सर गॅलरीतनं वरडत्यात. मला ते बी अर्धंच ऐकू येतं.

एक दिवस वहिनी गेटवर हजर. संगं पिशवी. पिशवीत पत्रकं छापून आणलेली, वर त्याचा लग्नातला फोटो, खाली हरवला आहे. म्हणली, "दादा, तुमी शहरात असता. चार माणसं बघतील तितं लावा. आन् खाली तुमचा नंबर घातलाय. माझ्या मोबाईलला रानात कधी रेंज असती, कधी नसती."

मी म्हणलो, "वहिनी, मी तुमाला सांगितलं हुतं की..."

"तुमी लई सांगितलं," ती म्हणली.

मी लावली. एस.टी. स्टँडवर, शुक्रवार पेठेत, मंगळवार बाजाराच्या भिंतीवर. वळखीच्या लूमवाल्याकडनं डबाभर खळ आणली चिकटवायला. क्लासच्या जाहिराती आन् वाढदिवसाचे बोर्ड, त्यांच्या मधी त्याचं थोबाड. तो फोटोत हसतोय, कारण तवा कॅमेऱ्यामागं उभं राहून मीच कायतरी चावट बोललो हुतो. पेठेतला एक पानवाला म्हणला, "कोन है ये? भाई है क्या?" मी म्हणलो, "हां."

आन् फोन येतात बघा. मला वाटलं न्हवतं एवढे येतात. कुणी म्हणतं कुर्डुवाडीच्या प्लॅटफॉर्मवर दिसला. कुणी म्हणतं विजापूरच्या गाडीत, खिडकीला. एक तेलुगू आजी हाय, ती दर आठवड्याला फोन करती, तिला तो रोज देवळात दिसतो, पण कधी म्हातारा, कधी पोरगा. मी सगळ्यांना विचारतो, कुटं, किती वाजता, किती लांबनं, उजेड हुता का, फोटो काढला का. फोटो कुणीच काढत न्हाय. मग मी वहिनीला कळवतो. ठरलंय तसं. आन् ती जाती. दोनदा विजापूरला जाऊन आली. जाताना कपाळाला कुंकू लावून जाती, आल्यावर काय करती मी विचारत न्हाय.

परवा दुपारी एक फोन आला अक्कलकोटाकडनं. माणूस निम्मं कानडी बोलत हुता, निम्मं मराठी. म्हणला, "ह्यो फोटोवाला, आमच्या गावात, हॉटेलात कप धुतो. तस्साच दिसतो."

"बोलला का तुमच्याशी?"

"इल्ला, नाय. पाठमोरा होता. मी लांबनं बघितलं."

"पाठमोरा हुता तर तस्साच कसा?"

"वाटलं मला," तो म्हणला आन् फोन ठिवला.

मी टाकीची मोटर बंद केली आन् खुर्चीत बसलो. हे सांगायचं का न्हाय? पाठमोरा, लांबनं, वाटलं. पण न सांगून बी मी काय करणार? एकदा न सांगून बघितलंय मी. मी वहिनीला फोन लावला. ती रानात हुती, मागं कुणाची तरी मोटर चालू हुती.

"अक्कलकोटाकडं दिसलेत म्हणतोय. हॉटेलात काम करत्यात."



मग ती म्हणली, "कसे दिसले म्हणला? बारीक झाल्यात का?"

तो माणूस असलं काही बोलला न्हवता.

"व्हय वहिनी," मी म्हणलो. "बारीक झाल्यात म्हणला. दाढी बी वाढलीया."

"दाढी त्यांना कधी चालायची न्हाय," ती म्हणली. आवाज असा झाला तिचा की मी मोबाईल चांगल्या कानावरनं काढून फुटक्या कानाला लावला. तरी फुडचं ऐकू आलंच. "मग उद्याच निघते मी. सकाळची गाडी किती वाजता हाय, दादा?"

सकाळची सहाची हाय. ते बी मीच सांगितलं.